दोन जोडण्या आणि एकच डीपी

धर्मापुरी

चि. भाचीस,

केदारेश्वरापुढचं सप्ताहातलं कीर्तन पुण्या-मुंबईत पांगलेल्या गावकऱ्यांना थेट दाखवायचं तू मनावर घेतलंस, हे फार चांगलं केलंस. तुझा आराखडा नीट वाचला. क्लाउडमध्ये मीडियालाइव्ह या प्रक्षेपण सेवेचं चॅनेल, त्याला दोन इनपुट, आणि पहिलं पडलं की आपोआप दुसऱ्यावर जायची सोय, म्हणजे फेलओव्हर. सेटिंगमध्ये मला खोट दिसत नाही. माझी शंका सेटिंगच्या आधीची आहे: तुझी दोन इनपुट खरोखर दोन आहेत का? एकाच कॅमेऱ्याचा सिग्नल एकाच एन्कोडरमधून, एकाच फायबरवरून दोन पत्त्यांवर जातोय. स्क्रीनवर प्रायमरी आणि सेकंडरी अशी दोन नावं दिसतील खरी, पण मांडवाबाहेर फायबर तुटली की दोन्ही एकदमच जातील. मग मेलेल्या इनपुटवरून मेलेल्याच इनपुटवर उडी मारून उपयोग काय?

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी ऊर्जामंत्र्यांनी दिलेलं कारण तुझ्या कामाचं आहे. कळवा-पडघा इथल्या ४०० केव्हीच्या यंत्रणेत देखभालीसाठी सर्किट एकचा भार सर्किट दोनवर टाकलेला होता, आणि बिघाड नेमका दोनमध्येच झाला. एवढ्या मोठ्या शहरासाठी कागदावर दोन वाटा होत्या, त्या सकाळी मात्र एकच उरली होती. यातून दोन गोष्टी निघतात. दुसरी वाट पहिलीच्या दुखण्यापासून अलग हवी, ही एक. आणि पहिली बंद असताना आपण दुसरीवर एकट्यानं उभे आहोत, हे कुणाच्या तरी लक्षात असायला हवं, ही दुसरी. फेलओव्हरची गंमत अशी की तो बिघाड झाकतो. प्रेक्षकाला काही कळत नाही, आणि अलर्ट लावला नसेल तर तुलाही कळत नाही. म्हणून चॅनेल दुसऱ्या इनपुटवर गेलं की मोबाइलवर निरोप येईल, एवढं आधी कर.

आता आपल्या गावात अलग वाट म्हणजे काय, ते बघू. आपल्याच जिल्ह्यात परळीला औष्णिक वीज केंद्र आहे, पण मांडवाची वीज अखेर कोपऱ्यावरच्या डीपीवरूनच येते. तेव्हा एक कॅमेरा, त्याचा एन्कोडर आणि फायबरचा राउटर त्या विजेवर राहू दे, दुसरा कॅमेरा, त्याचा एन्कोडर आणि सिमचा राउटर वेगळ्या इन्व्हर्टरवर ठेव. दुसरी जोडणी मोबाइलची घेशील, तर कंपनी वेगळी आहे एवढ्यावर समाधान मानू नकोस. अनेकदा दोन-तीन कंपन्यांची उपकरणं एकाच टॉवरवर बसवलेली असतात, आणि गर्दीच्या दिवशी टॉवरच गुदमरतो. मंदिर चालुक्यकाळातलं, त्याच्या दगडाला खिळा ठोकायचा नाही, म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांच्या केबल एकाच दारातून, एकाच पायाखालून नेण्याचा मोह होईल. एक मागून वळव. आवाजाचंही तसंच. मिक्सरमधून दोन्ही एन्कोडरना आवाज दिलास, तर मिक्सर बंद पडल्यावर दोन्हीकडे सारखीच शांतता. दुसऱ्याला कॅमेऱ्याचाच माइक दे. आवाज थोडा घुमेल, पण अभंग ऐकू येईल.

बदल कधी व्हावा, यासाठी मीडियालाइव्ह तीन अटी देतं: इनपुट बंद होणं, आवाज गप्प होणं, चित्र काळं पडणं. यांत पहिली सर्वांत भरवशाची. काळ्या चित्राची अट ऐकायला बरी वाटते. पण वीज जाऊन मांडवच अंधारला तर दोन्ही कॅमेऱ्यांना तोच अंधार दिसणार. उलट कॅमेऱ्याची केबल निसटली की काही एन्कोडर निळा पडदा पाठवत राहतात. तो काळा नाही, इनपुटही चालू आहे. म्हणजे यंत्राच्या लेखी सगळं ठीक. गोठलेल्या चित्राचंही तेच. तिथे माणसाचीच नजर हवी. आवाजाच्या अटीत मुदत सैल ठेव. कीर्तनात निरूपण थांबून क्षणभर सगळे गप्प होतात, त्याला बिघाड समजून चॅनेल उडी मारायला नको.

पहिलं इनपुट सावरलं की परत त्यावर यायचं की नाही, हेही ठरवावं लागतं. प्रायमरीला पसंती दिलीस तर ते ठरावीक मुदतभर ठीक चाललं की चॅनेल परत येतं. आपली फायबर पडत-उठत राहिली, तर प्रेक्षक दर वेळी इकडून तिकडे फेकला जाईल. दोन इनपुटांच्या उशिरात दोन-तीन सेकंदांचा फरक असला, की प्रत्येक उडीत कीर्तनकाराचं वाक्य एक तर गिळलं जातं नाही तर दोनदा ऐकू येतं. माझं मत, दोन्हींना समान पसंती दे आणि परतायचं ते गजर संपल्यावर, हातानं.

तू म्हणशील, मामा, क्लाउडमध्ये स्टँडर्ड चॅनेल घेतलं की दोन पाइपलाइन वेगवेगळ्या झोनमध्ये चालतातच की. चालतात, पण त्या क्लाउडच्या मुंबईतल्या प्रक्रियेला सांभाळतात. धर्मापुरीपासून तिथवरची वाट त्यांच्या हातात नाही, आणि आपलं दुखणं बहुतेक वाटेतच असतं. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. १९ नोव्हेंबर २०२३ ची विश्वचषकाची फायनल हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक पाहत होते. आपल्याकडे एवढा थाट कशाला? पण तिथे पडद्यांसमोर माणसांची फौज बसलेली असते. इथे तू एकटी, आणि कुणीतरी मध्येच तुला पंगत वाढायला हाक मारणार. लहान प्रक्षेपणालाच आपोआप चालणारी सोय जास्त लागते. मात्र दुसरी वाट अलग करण्याइतके पैसे खरंच नसतील, तर फेलओव्हरचा देखावा करू नकोस. एकच इनपुट ठेव, सिग्नल गेला की ‘थोड्या वेळात पुन्हा’ असं चित्र दिसेल असं कर, आणि मेमरी कार्डवर पूर्ण कीर्तन रेकॉर्ड कर. तेही चालेल.

सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी चॅनेल चालू करून फायबर उपट, मग एन्कोडरची वीज काढ, मग मिक्सर बंद कर, प्रत्येक गोष्ट वेगळी. पुण्यातल्या कुणाला तरी मोबाइलवर पाहायला बसव, आणि त्याला काय दिसलं ते मला कळव.

तुझा,
मामा