मळणीची धूळ आणि छातीतील कफ

सोयाबीनची किंवा ज्वारीची मळणी आटोपली की रात्री घसा खवखवतो, छाती भरल्यासारखी वाटते आणि पुढे कित्येक दिवस खोकून खोकून चिकट कफ पडत राहतो. हा अनुभव अनेक शेतकरी बंधूंना असेल. ‘धूळ गेली नाकात’ म्हणून आपण विषय सोडून देतो. फार तर एखादे इंजेक्शन किंवा पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या जातात, आणि पुढच्या मळणीला पुन्हा तेच. या कफामागे केवळ माती नसते. धुळीबरोबर आत जाणारे जिवाणूंचे विष हे त्याचे एक मोठे कारण आहे, आणि त्यासाठी जिवाणू जिवंत असण्याचीही गरज नसते.

हे विष कोणते?

पिकाच्या पानांवर, तुसांवर व काडीकचऱ्यावर असंख्य जिवाणू असतात. त्यांपैकी ग्रॅम-ऋण गटातील जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात स्निग्ध पदार्थ व शर्करा यांचा बनलेला एक घटक असतो. त्याला एंडोटॉक्सिन म्हणजे अंतर्विष म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांना १८९२ च्या सुमारास पटकीच्या जिवाणूंवर काम करताना मेलेल्या जिवाणूंतही विष उरते असे दिसून आले, त्यावरून हे नाव पडले. उन्हात जिवाणू मरतात, पण विष तुसावर तसेच राहते. साध्या उकळण्यानेही ते सहज नष्ट होत नाही. कापणीनंतर पीक भिजले, गंजी आतून तापली, तर जिवाणू झपाट्याने वाढतात आणि मळणीच्या धुळीत विषाचे प्रमाणही वाढते.

कफ कसा वाढतो?

श्वासनलिकेच्या आतल्या बाजूस अगदी बारीक केसांसारख्या लवी असलेल्या पेशी असतात. त्यांच्यामध्ये पेल्याच्या आकाराच्या पेशी असतात व त्या चिकट द्राव तयार करतात. नाकातून सुटलेली धूळ या द्रावात अडकते. लवी सेकंदाला दहा-बारा वेळा हलून तो थर घशाकडे ढकलतात आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. म्हणजे थोडा कफ ही शरीराची रोजची झाडलोट आहे.

अंतर्विष आत गेले की बिघाड सुरू होतो. फुफ्फुसातील रक्षक पेशींवर हे विष ओळखणारा एक ग्राहक असतो. १९९८ मध्ये अमेरिकेतील ब्रूस बॉयटलर यांनी तो शोधून काढला व २०११ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. या ग्राहकाला विष चिकटताच पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. रक्तातील पांढऱ्या पेशी श्वासनलिकेत धावून येतात. त्यांच्यातून बाहेर पडणारी विकरे पेल्यासारख्या पेशींना साठवलेला द्राव एकदम सोडायला लावतात. हा द्राव बाहेर पडताच पाणी शोषून कितीतरी पट फुगतो. लवींना तो पेलवत नाही, म्हणून खोकला येतो. वर्षानुवर्षे अशी धूळ जात राहिली तर या पेशींची संख्याच वाढते आणि कफ कायमचा होतो. मळणी यंत्राच्या तोंडाशी रोज उभे राहणारे मजूर व धान्य उफणणाऱ्या बायका यांना हा धोका जास्त. धूळ फारच गेली असेल तर ४ ते ८ तासांनी थंडी वाजून ताप येतो व एक-दोन दिवसांत उतरतो. तो हिवताप समजला जाण्याचा संभव असतो.

कापसाच्या धुळीतही हेच विष असते. १९८७ मध्ये अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत श्वासाची क्षमता किती घटली याचा मेळ धुळीच्या वजनाशी नव्हे, तर तिच्यातील अंतर्विषाशी बसला. तेव्हा वेचणीत बोंडाभोवतीचा वाळलेला पाचोळा येऊ न देणे भावासाठी जितके चांगले, तितकेच छातीसाठीही.

काय करावे?

पीक कोरडे करूनच गंजी लावावी व ती झाकावी. यंत्राच्या भुशाचे तोंड वाऱ्याच्या दिशेने ठेवावे व माणसांनी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे वारा ज्या अंगाने येतो तिकडे, उभे राहावे. उपरण्याने जाड तूस अडते, पण त्रास देणारे बारीक कण आरपार जातात. त्यासाठी कोरोनाच्या काळात माहीत झालेला एन-९५ मास्कच हवा, आणि दाढी असल्यास तोही नीट बसत नाही. दम्याच्या रुग्णाने यंत्राजवळ जाऊच नये. विडी तर नकोच, कारण तिच्या धुराने लवी आधीच दुबळ्या झालेल्या असतात.

अँटिबायोटिक औषध जिवंत जिवाणू मारते, मेलेल्या जिवाणूचे विष काढत नाही. म्हणून नुसत्या धुळीच्या कफावर ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. मात्र ताप दोन दिवसांत उतरला नाही, धाप लागली किंवा कफात रक्त दिसले तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिल्यास धुळीवर ढकलू नये. क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.