पोलादी दांडीची खर्ज-गिटार



आपल्या शाळेच्या गायनवृंदास पेटी व तबला यांची साथ पूर्वीपासून आहे. परंतु खालच्या स्वरांचा आधार नाहीं, ही उणीव नववीच्या दोन विद्यार्थ्यांस गतवर्षीं फार जाणवली. दुकानांतील बास गिटारीची किंमत ऐकून ते परत आले, आणि दुसऱ्या दिवशीं माझ्याकडे येऊन म्हणाले, "सर, फाटकें व खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्यांकडे चौकोनी लोखंडी पाइपाचे तुकडे पडलेले असतात. त्याची दांडी चालेल काय?" मीं हंसून नाहीं म्हटलें. रात्रीं कागद घेऊन हिशेब केला, तेव्हां माझें हंसणें चुकीचें होतें असें दिसून आलें. त्या हिशेबाची व पुढील खटपटीची हकीकत येथें देतों. पालकांनींही ती वाचावी. कारण तींत एक गोष्ट मुख्यतः त्यांच्यासाठीं आहे.

तंबोऱ्याचा भोपळा फुटला तर तंबोरा निकामी होतो. तारेचा कंप तबली व भोपळा यांच्या द्वारें हवेस पोंचतो, म्हणूनच तो आपणांस ऐकूं येतो. विजेच्या गिटारीचें तसें नाहीं. तिच्या तारांखालीं पिकप नांवाचा भाग असतो. त्यांत चुंबक असून त्याच्या भोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. वरची पोलादी तार हलली कीं चुंबकाचें क्षेत्र बदलतें व वेढ्यांत अल्पसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेनें १८३१ सालीं शोधून काढलेला नियम तो हाच. हा प्रवाह ध्वनिवर्धकांत वाढवून आपण ऐकतों. तेव्हां अशा वाद्याच्या अंगानें स्वतः वाजावें अशी अपेक्षाच नाहीं. त्यानें तारेचीं दोन्ही टोकें धरून ठेवावीं व स्वतः हलूं नये, एवढेंच त्याचें काम. या कामास धातु लांकडाहून कमी योग्य कां ठरावा?

आणि हा विचार कांहीं नवीन नव्हे. १९३२ सालीं लॉस एंजेलिस येथें जॉर्ज बोशॅम्प व अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनीं विकावयास काढलेली विजेची गिटार अॅल्युमिनियमची ओतीव होती. तिचा आकार पाहून लोक तिला 'तळण्याचा तवा' म्हणत. बास गिटार अशी आडवी धरून वाजविण्याचें वाद्य सिअॅटल येथील पॉल टुटमार्क यानें १९३६ च्या सुमारास केलें, आणि १९५१ पासून लिओ फेंडर याच्या वाद्यानें तें जगभर पसरलें. हीं दोन्ही लांकडाचीं. पुढें १९७४ ते १९७९ या काळांत कॅलिफोर्नियांत ट्रॅव्हिस बीन यानें अॅल्युमिनियमची दांडी घोडीपर्यंत अखंड नेलेल्या गिटारी केल्या. त्यांचा स्वर फार वेळ टिकतो म्हणून त्या नांवाजल्या गेल्या. मात्र दांडी हाताला थंड लागते ही तक्रार तेव्हांपासूनची आहे.

आतां हिशेब. बास गिटारीला चार तारा. सर्वांत जाड तारेचीं सेकंदाला सुमारें ४१ आंदोलनें होतात, बाकीच्यांचीं ५५, ७३ व ९८. एवढे खालचे स्वर स्वच्छ निघावे म्हणून तार लांब लागते; मेरूपासून घोडीपर्यंत ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. चारही तारांचा मिळून ताण सुमारें ७५ किलो भरतो. एक मोठा मनुष्य दांडीला सदैव लोंबकळत आहे असें समजा! हा ताण दांडीच्या पृष्ठभागाच्या वर असल्यामुळें तो तिला धनुष्यासारखी वांकवूं पाहतो. साध्या लांकडी दांडीला तो मधोमध तीन-चार मिलिमीटर वांकवील. म्हणूनच तिच्या पोटांत पोलादाची सळई घालून तिला उलट ताण द्यावा लागतो. उलट ५० मिलिमीटर रुंद, २५ मिलिमीटर उंच व २ मिलिमीटर जाड पत्र्याची पोलादी नळी घेतली, तर गणितानें वांक येतो पाव मिलिमीटर. गंमत अशी कीं, कंप पावणारी तार पडद्यांवर आपटूं नये म्हणून साधारण तेवढाच वांक कारागीर मुद्दाम ठेवतात. अर्थात् आंतल्या सळईची गरजच उरली नाहीं.

अॅल्युमिनियम हलकें, दिसावयासही सुबक. मग तें कां घेतलें नाहीं? कारण उष्णता. वीस अंश तापमान वाढलें तर ८६४ मिलिमीटर अॅल्युमिनियम सुमारें ०.४ मिलिमीटर वाढतें, पोलाद त्याच्या निम्मे. तारा पोलादाच्या आहेत. दांडी तारांपेक्षां अधिक वाढली कीं तारा ताणल्या जाऊन स्वर चढतो. त्या 'तव्या'लाही रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेनें हाच त्रास होत असे. पोलादी दांडी व पोलादी तारा मात्र जवळजवळ सारख्याच वाढतात. उन्हांत नेल्यावर बारीक तारा आधीं तापून थोडा वेळ स्वर उतरतो खरा, पण दांडी तापली कीं तो बहुतेक पूर्वपदावर येतो.

मुलांनीं १.१ मीटर लांबीची नळी आणिली. वजन अडीच किलोच्या आंत. धडासाठीं एकानें आईची चेपलेली अॅल्युमिनियमची परात आणिली (आईस विचारून, असें तो सांगतो). ती नळीच्या पाठीशीं बोल्टानें बसविली. ताण सर्व नळीवर असल्यामुळें परातीचें काम मांडीवर टेकण्यापुरतें. पण पातळ पत्रा जाड तारेबरोबर झणझणूं लागला, तेव्हां तिच्यांत जुन्या घोंगडीचे तुकडे चिकटवावे लागले. घोडीच्या स्क्रूंना दोन मिलिमीटर पत्र्यांत आटे पुरेसे मिळत नाहींत, म्हणून नळीच्या आंत जाड पट्टी सरकवून तींत आटे पाडले. पिकपसाठीं नळीच्या वरच्या बाजूस खिडकी कापून दोन्ही अंगांस बळकटीच्या पट्ट्या रिव्हेटांनीं जोडल्या. तेथें वेल्डिंग करूं नये; झाळ थंड होतांना आकसते व सरळ नळीस वांकडी करते. खुंट्या, घोडी व पिकप हीं विकत घेतलीं. पडद्यांसाठीं सहा मिलिमीटर जाडीची शिसवी पट्टी, नळी पॉलिश-कागदानें घांसून, एपॉक्सीनें चिकटविली. त्यामुळें हाताला थंडावा लागण्याची तक्रारही निदान बोटांपुरती मिटली.

खरी कसोटी पडद्यांची. सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले असतात, चुकले तर सरकवितां येतात. गिटारीचा पडदा करवतीच्या खांचेंत ठोकला कीं ठोकला. नियम सोपा आहे: तारेच्या लांबीस १७.८१७ नें भागावें. जें येईल तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीस पुन्हां त्याच संख्येनें भागावें म्हणजे दुसरा. असें बारा वेळां केलें कीं बरोबर अर्ध्यावर, म्हणजे ४३२ मिलिमीटरवर, वरचा षड्ज मिळतो. (गॅलिलिओचा बाप व्हिन्सेन्झो यानें १५८१ सालीं यासाठीं १८ ही संख्या सुचविली होती, ल्यूटवर ती पुष्कळ चालली.) आमच्या हिशेबानें पहिला पडदा ४८.४९ वर, दुसरा त्यापुढें ४५.७७ वर.

हिशेब अचूक होता. चूक मापण्यांत झाली, आणि ती माझ्या देखत झाली हें मला कबूल केलें पाहिजे. मुलांनीं प्रत्येक पडद्याचें अंतर मागच्या पडद्यापासून मोजलें. दर वेळीं पेन्सिलीच्या रेघेची जाडी, एक तृतीयांश मिलिमीटर, कमी पडत गेली, आणि बारावा पडदा चार मिलिमीटर अलीकडे बसला. पहिले तीन-चार स्वर सुरेल लागले म्हणून आम्ही आनंदांत होतों. वर जातां जातां प्रत्येक स्वर अधिकाधिक उतरूं लागला, आणि शेवटीं पेटीशीं त्याचें जमेना. मुलांचे चेहरे पाहवेनात. पट्टी तापवून उखडली, नवी आणिली, आणि या वेळीं सर्व अंतरें मेरूपासून, एकाच पोलादी मोजपट्टीवर, धारदार सुरीनें खुणावलीं. स्नेहसंमेलनास नऊ दिवस उरले होते.

आतां पालकांसाठीं सांगावयाची गोष्ट. या वाद्याच्या तारा, दांडी व धड हीं सर्व तारजोडणीनें ध्वनिवर्धकाच्या भूमीशीं जोडलेलीं असतात. त्यामुळें घूं-घूं असा आवाज बराच थांबतो. परंतु ध्वनिवर्धकांत बिघाड असून घराची अर्थिंग तुटलेली असेल, तर २३० व्होल्टांचा दाब थेट मुलाच्या हातांत येऊं शकतो. ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वान्सी येथें लेस हार्वी हा गिटारवादक कार्यक्रमाच्या वेळीं मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्यानें मृत्यु पावला. तेथेंही दोष भूमीच्या जोडणीचाच होता. म्हणून ध्वनिवर्धक घरीं तयार करूं नये. तीन पिनांच्या प्लगाची मोठी पिन काढून काम चालवूं नये. जाणत्या तारतंत्र्याकडून अर्थिंग तपासून घ्यावी व ३० मिलिअँपियरचा संरक्षक स्विच बसवावा. ओल्या फरशीवर अनवाणी वाजवूं नये. घरच्या सरावास बॅटरीवर चालणारा लहान ध्वनिवर्धक बरा. आमच्या शाळेंतील एक सॉकेट तपासणींत सदोष निघालें, व तेथें आम्हीं मुळींच वाद्य लाविलें नाहीं.

संमेलनाच्या दिवशीं वाद्य वाजलें. वजन साडेचार किलो भरल्यामुळें पट्टा खांद्यांत रुततो, म्हणून रुंद पट्टा शिवावयास टाकला आहे. पहिली चुकलेली शिसवी पट्टी प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगली असून बाराव्या खांचेजवळ त्या दोघांनीं स्वतःच खडूनें लिहून ठेविलें आहे: "४ मि.मी."