उंबराखालची वही

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर एवढंच लिहिलंय : ‘उंबर. फाटकाच्या डावीकडे. बुंध्याचा घेर सव्वादोन मीटर. आज तांबट, बुलबुल, दयाळ.’ ही नोंद अठरा वर्षांपूर्वीची. तेव्हा कोथरूडच्या आमच्या गल्लीत ४१ मोठी झाडं होती, आज २३ आहेत. या काळात पुणं कुठच्या कुठे पसरलं. २०१७ साली ११ गावं महापालिकेत आली, २०२१ साली आणखी २३. अशा शहरात पक्ष्यांवर जीव असेल, तर त्यांच्या झाडांकडेही लक्ष ठेवावं लागतं. ते ठेवताना जे शिकले, ते क्रमाने सांगते.

१. एक झाड धरा आणि ते सोडू नका

पूर्वी मी पक्षी बघायला भिगवणला जायची, भरतपूरलाही जाऊन आले होते. मग आईचं आजारपण आलं आणि घराबाहेर पडणं थांबलं. तिच्या खाटेशेजारच्या खिडकीतून तो उंबर दिसायचा. वेळ जावा म्हणून मी रोज वीस मिनिटं त्याच्याकडे बघत बसू लागले. वर्षभरात त्या एका झाडावर ३४ जातींचे पक्षी नोंदवले. हळद्या हिवाळ्यात येतो, कोकिळ फळं पिकली की दिवसभर तळ ठोकतो, शिंपी खालच्या झुडपातून वर क्वचितच जातो, हे सगळं कळलं ते एकाच जागी बसल्यामुळे. आई रोज विचारायची, “आज कोण आलं गं?” तिला सांगता यावं म्हणून मी नीट बघायला शिकले.

२. सुकलेली फांदी मेलेली नसते

ही माझी स्वतःची चूक आहे आणि ती अजून सलते. सोसायटीतल्या गुलमोहराची एक वाळकी फांदी वाईट दिसते म्हणून काढावी, असा अर्ज गेला. त्यावर माझीही सही होती. मार्चमध्ये फांदी उतरवली. जमिनीवर पडली तेव्हा तिच्या खालच्या बाजूला गोल, रेखीव भोक दिसलं. आत तांबटाची अंडी होती, फुटलेली. नर-मादी दोन दिवस त्या रिकाम्या जागेच्या आसपास बसून होती.

तांबट आपलं घर स्वतः कोरतो आणि त्यासाठी त्याला मऊ झालेलं, सुकं लाकूड लागतं. कसब्यातल्या तांबट आळीत हातोडीचा जो ठेका ऐकू येतो, तसा त्याचा टुक टुक आवाज. त्यावरूनच त्याला हे नाव मिळालं. सुक्या फांद्या गोळा करून नेल्या तर हा आवाज वस्तीतून जातो. रस्त्यावर किंवा गाड्यांवर झुकलेली वाळकी फांदी जरूर काढावी. बाकीच्या राहू द्याव्यात. अगदीच लांब असेल तर टोक कापून बुंध्याकडचा भाग ठेवावा. पक्ष्याला तेवढा पुरतो.

३. छाटणीचा महिना बघा

पावसाळापूर्व छाटणी एप्रिल-मेमध्ये होते आणि नेमकी तीच बहुतेक पक्ष्यांच्या विणीची वेळ असते. कावळ्याचं घरटं त्याच सुमाराला, पोपटांची पिल्लं ढोलीत, बुलबुलाचं वाटीएवढं घरटं पानांच्या आड. आम्ही आता दिवाळीनंतर अर्ज करतो आणि जानेवारीच्या आत छाटणी उरकून घेतो. वादळाच्या आधी झाड हलकं व्हावं, हा हेतूही साधतो. मात्र घारीचं घरटं हिवाळ्यातच असतं. म्हणून करवत लावण्याआधी झाडाभोवती फिरून दुर्बिणीने प्रत्येक दुबेळकं बघायचं. या कामाला अर्धा तास लागतो. फांदीवर चढणारी माणसंही यात आनंदाने मदत करतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना वरचं सगळं आपल्याआधी दिसलेलं असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

४. एकाच्या बदल्यात साठ, ही बरोबरी नाही

महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं भरपाई म्हणून लावायची, असं ठरलं. हे पाऊल चांगलंच आहे. पण राखी धनेशाच्या बाजूने हा हिशोब करून बघा. त्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठा आणि चिखलाने तोंड लिंपून घेते आणि कित्येक आठवडे आतच राहते. नर फटीतून एकेक फळ भरवतो. अशी ढोली होण्यासाठी जाड खोड लागतं, आणि एखादी फांदी मोडून तिथे लाकूड कुजायला कितीतरी वर्षं जावी लागतात. साठ रोपांत मिळून त्यातली एकही ढोली नसते.

वड, पिंपळ, उंबर यांचं तर आणखी वेगळं. शेजारशेजारचे दोन उंबरसुद्धा एकाच वेळी पिकतील असं नाही. त्यामुळे परिसरात अशी दहा-बारा झाडं असली, तर वर्षभर कुठे ना कुठे पंगत चालू असते. हरियाल हा आपला राज्यपक्षी त्यावरच जगतो. या साखळीतलं एक झाड गेलं की एखादा महिना उपाशी जातो. रोपं लावायचीच असतील, तर शोभेच्या पामऐवजी उंबर, करंज, पांगारा, बहावा मागून घ्या.

५. बुंध्याला श्वास घेऊ द्या

पदपथ करताना सिमेंट थेट बुंध्याला भिडवतात. पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात, झाड वरून सुकत येतं. चारही बाजूंनी निदान मीटरभर माती मोकळी हवी. खोडात ठोकलेले खिळे, आवळून बांधलेल्या केबली आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्यांच्या माळा काढून टाकायला परवानगीपेक्षा दोन माणसांची सकाळ जास्त लागते. रविवारी आम्ही हेच करतो.

६. आधी नोंद, मग हरकत

रस्ता रुंद करण्यासाठी आमच्या गल्लीतल्या ११ झाडांवर नोटिसा लागल्या, तेव्हा त्या वहीची खरी किंमत कळली. झाड तोडण्याची नोटीस वर्तमानपत्रात आणि त्या झाडावर लावावी लागते. हरकतीची मुदत थोडी असते. त्या दिवसांत नवी माहिती गोळा करणं जवळपास अशक्य आहे. माझ्याकडे ती आधीच होती. कोणत्या झाडावर कोणतं घरटं, कोणत्या महिन्यात, किती वर्षं सलग, हे सगळं तारखांसह.

आम्ही प्रत्येक झाडासाठी वेगळा अर्ज केला. नोटिशीतला क्रमांक, झाडाची जात, घेर, फोटो, नोंदी आणि शेवटी पर्याय. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांनाही संरक्षण आहे, हेही लिहिलं. अर्जाची पोच घेतली. सुनावणीला सात जण गेलो आणि बोललो एकच जण. अधिकाऱ्यांनी वही चाळली आणि म्हणाले, “ताई, झाडावर प्रेम आहे असं सगळे सांगतात. तारखा कुणी आणत नाही.”

गटाराची ओळ दीड मीटर सरकवली, तर चार झाडं वाचतात, हे आम्ही टेप लावून मोजून नेलं होतं. ती चार वाचली. त्यात पिंगळ्याच्या जोडीची ढोली असलेली चिंच आहे. सात गेली. त्या सातांची पानं मी वहीतून फाडली नाहीत. प्रत्येकाखाली तारीख लिहिली आहे.

७. घरट्याचा पत्ता जपा

नोंद ठेवायची, पण ती गावभर करायची नाही. एकदा धनेशाच्या ढोलीचा फोटो मी उत्साहाने एका ग्रुपवर टाकला. दुसऱ्या सकाळी झाडाखाली कॅमेरे घेऊन पंधरा माणसं उभी होती. नर चोचीत फळ धरून समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसून राहिला, पण ढोलीकडे आला नाही. आत मादी आणि पिल्लं वाट बघत होती. त्या दिवसापासून विणीची नोंद मी पिल्लं उडून गेल्यावरच कुणाला दाखवते. तोवर ती वहीत किंवा वृक्ष अधिकाऱ्यांकडच्या अर्जात असते. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणंही तेव्हापासून सोडलं.

८. भीतीला उत्तर द्या

झाड नको म्हणणारा माणूस वाईट नसतो. आमच्याकडच्या एका आजोबांच्या गाडीवर वळवाच्या पावसात फांदी पडली होती. ते आत बसायला निघालेच होते. त्यांना तांबटाचं कौतुक सांगून काय उपयोग? आम्ही जाणकाराला बोलावून सोसायटीतली सगळी झाडं तपासून घेतली. दोन खरंच पोकळ होऊन झुकलेली होती. ती काढायला मीच अर्ज लिहिला. बाकीच्यांपैकी एकाची मुळं केबलच्या चरासाठी तोडलेली निघाली. मग पुढच्या खोदाईच्या वेळी आजोबा स्वतः खुर्ची टाकून तिथे बसले आणि चर बुंध्यापासून लांब घ्यायला लावला. भीतीचं कारण समजलं की माणूस झाडाच्या बाजूला येतो.

९. मोकळं गवत रिकामं नसतं

वेताळ टेकडीवर गवताचे माळ आहेत. तिथे जमिनीवर घरटं करणारी टिटवी, तित्तिर, चंडोल राहतात. तिथे उघडं दिसतं म्हणून खड्डे घेऊन रोपं लावली, की त्यांचं घर जातं. टेकड्यांवर पूर्वी लावलेल्या गिरिपुष्पाखाली फिरून बघा, पक्ष्यांचा आवाज किती विरळ होतो ते जाणवेल. झाडावर प्रेम करणाऱ्यानेही आधी त्या जागी कोण राहतं ते बघावं, मग कुदळ उचलावी.

आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. वही चालू आहे, तिसरी. त्या गुलमोहराच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक फांदी सुकली. ती काढायचा विषय सोसायटीच्या सभेत आला, तेव्हा मी जुन्या वहीतलं मार्चचं पान वाचून दाखवलं. फांदीखाली गाडी लावायची नाही एवढंच ठरलं आणि फांदी राहिली. या फेब्रुवारीतली नोंद अशी आहे : ‘सकाळी सव्वासात. सुक्या फांदीच्या खालच्या अंगाला नवं भोक, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. भुसा खाली पडतोय. तांबट आला.’