दिवे लागतात, मग गाडी का चालू होत नाही?

प्रश्न : गाडी बरेच दिवस उभी होती. चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागतात, पण इंजिन फिरत नाही. नुसतं ‘टकटकटक’ होतं. मेकॅनिक म्हणतो, बॅटरी बसली. बसली असती तर दिवे कसे लागले असते?
— एक वाचक, सातारा

उत्तर : शंका रास्त आहे, पण मेकॅनिक बहुधा खरं सांगतोय. दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. सेल्फला मात्र छोट्या पेट्रोल गाडीतही सुरुवातीला शंभराच्या वर लागतात. डिझेलची भूक याहून मोठी. त्यामुळे दिवे लागले म्हणून बॅटरी पास झाली असं होत नाही.

तुमच्या टकटकीतच उत्तर आहे. सेल्फवर सोलेनॉइड नावाचा दणकट स्विच बसवलेला असतो. चावी फिरवली की तो आत ओढला जातो आणि मोटरला करंट मिळतो. मोटर इतकं खेचते की अशक्त बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं आणि सोलेनॉइड सुटतो. भार जाताच व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा ओढला जातो, पुन्हा सुटतो. हेडलाइट लावून कुणाला तरी समोर उभं करा आणि चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले तर दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत. दिवे तसेच लख्ख राहून एकदाच ‘खट्ट’ झालं, तर मात्र सेल्फ किंवा सोलेनॉइड तपासायला लागेल.

जोडणीचं म्हणाल, तर पैसे खर्च करण्याआधी बॉनेट उघडा. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर चांगली बॅटरीही अशीच टकटकते. गाडी बंद ठेवून आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह काढा, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून आवळा. जोडताना क्रम उलटा. मग मल्टिमीटर लावा : उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी.

टकटकही नाही, अगदी शांतता? क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक असेल तर गियर ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे का, ते पाहा. इंजिन जोमात फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीला सोडा आणि इंधन, स्पार्क यांच्यामागे लागा. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल, तर दुसरी चावी लावून बघा.

जंपर केबलने गाडी चालू झाली की इंजिन सुरू असतानाच बॅटरीवर पुन्हा मीटर धरा. बहुतेक गाड्यांत तिथे 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. साडेबाराच्या आसपासच घुटमळत असेल, तर अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत बसेल. हा आकडा पाहिल्याशिवाय दुकानात जाऊ नका.