हॅम रेडिओची अँटेना वाऱ्यात का घसरते?

शिक्षक आणि पालक मित्रहो, घर्षण शिकवताना आपण लाकडी ठोकळा आणि उतरती फळी यांच्यापुढे फारसे जात नाही. हॅम रेडिओवाल्यांची ही नेहमीची अडचण मुलांपुढे ठेवून बघा.

गच्चीवरच्या यागी अँटेनाचा खांब रोटेटर नावाची मोटर फिरवते. खोलीतल्या कंट्रोल बॉक्सवर दिशा दिसते. वादळी रात्रीनंतर काटा उत्तर दाखवतोय, पण अँटेना ईशान्येकडे! बिघाड कुठे?

सायकल आठवा. पडल्यावर चाक सरळ आणि हँडल वाकडं, कारण हँडलची दांडी जागच्या जागी घसरलेली असते. इथेही तसंच. काटा रोटेटरच्या आतल्या गिअरशी जोडलेला असतो. वरच्या क्लॅम्पमध्ये खांब घसरला, तर काट्याला त्याचा पत्ताच नसतो. रोटेटर बुडातून घसरला तरीही तेच. उलट, बटण न दाबता काटा वाऱ्याबरोबर हलत असेल, तर आतला ब्रेक किंवा गिअर तपासा. दोन्ही जोडांवर रंगाची सरळ रेघ मारून ठेवा. पुढच्या वाऱ्यात जी रेघ तुटेल, तो जोड घसरतो.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. पण खांबाच्या दोन्ही बाजूंचा जोर सारखा असेल तर पीळ पडत नाही. गंमत म्हणजे वजनाचा तोल साधला म्हणून वाऱ्याचा तोल साधतोच असं नाही.

उपाय? क्लॅम्पमधलं ग्रीस, गंज पुसा, नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. नुसता जोर लावला तर पातळ पाइप चेपतो. क्लॅम्पमध्ये बसत असेल तर जाड पाइप बरा: आवळ तेवढीच, पण घर्षण मध्यापासून जास्त अंतरावर काम करतं. काहीजण आरपार बोल्ट घालतात. मग घसरण थांबते, पण प्रत्येक हिसका थेट गिअरच्या दातांवर जातो. मला विचाराल तर थोडी घसरण परवडली. (वर चढणं जाणत्या मोठ्यांनीच, वारा नसताना आणि विजेच्या तारांपासून लांब.)

वर्गात कपड्यांच्या चिमट्यात पेन्सिल उभी धरा, तिला पुठ्ठा चिकटवा आणि टेबल फॅनसमोर ठेवा. आधी पुठ्ठा मध्यावर, मग एका बाजूला सरकवून. शेवटी पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून पुन्हा करा.