शिपायाच्या डोक्यावर काय?



माणूस लांबून येताना दिसला, की आधी त्याच्या डोक्याकडे नजर जाते. रुमाल, पटका, फेटा किंवा टोपी. त्यावरून माणूस कोण, कुठला, याचा अंदाज येतो. फौजेतही तसंच आहे. शिपायाच्या टोपीवरून त्याची पलटण ओळखता येते.

इंग्रजांच्या फौजेत टोप्यांचे पुष्कळ प्रकार. काही नुसत्या रुबाबाच्या. 1815 साली वॉटर्लूच्या लढाईत इंग्रज आणि त्यांच्या दोस्तांनी नेपोलियनला हरवले. त्यानंतर एका पलटणीला अस्वलाच्या केसाळ कातड्याची उंच टोपी मिळाली. लंडनच्या राजवाड्यावरचे पहारेकरी तशी टोपी आजही घालतात. आपल्याकडच्या उन्हासाठी साहेब लोकांनी भेंडाची टोपी काढली. भेंड वजनाला हलके आणि डोक्याला गार.

पण टोपीपायी रक्तही सांडले आहे. 1805 साली मद्रासच्या फौजेत हुकूम निघाला. हिंदी शिपायांनी नव्या तऱ्हेचे पागोटे घालावे. ते साहेबाच्या टोपीसारखे दिसे. त्याला चामड्याचा तुरा होता. शिवाय गंध लावू नका, दाढी ठेवू नका, असेही सांगितले. शिपायांना वाटले, आता आपला धर्म बुडणार! 10 जुलै 1806 रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात बंड झाले. टिपू सुलतानाची मुले तिथेच नजरकैदेत होती. तेही एक कारण होते. एका दिवसात शेकडो माणसे मेली. हैदराबादच्या इंग्रजी फौजेतही याच पागोट्यावरून धुसफूस झाली. शेवटी सरकारला हुकूम मागे घ्यावा लागला. दुसऱ्याच्या पागोट्याला हात घालणे म्हणजे त्याच्या मानाला हात घालणे. साहेबाला हे उशिरा कळले.

1914 साली पहिले महायुद्ध पेटले. आपल्या मराठा पलटणी पार इराकपर्यंत लढायला गेल्या. युरोपात शिपाई खंदकांत बसून लढत. तोफेचा गोळा वर फुटे, आणि तुकडे डोक्यात घुसत. तिथे कापडी टोपी काय करणार? 1915 साली ब्रोडी नावाच्या माणसाने पोलादी टोप काढला. दिसायला उपड्या थाळीसारखा. त्याने हजारोंचे जीव वाचवले.

मराठा लाइट इन्फन्ट्री ही पलटण 1768 सालची. तिचे मोठे केंद्र बेळगावला आहे. तिचा जवान एरवी हिरवी टोपी घालतो. टोपीच्या बिल्ल्यावर रणशिंग असते. पण लढाईत तोच जवान हेल्मेट चढवतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

मग आपण मंठ्याच्या बाजाराला मोटारसायकलवरून जाताना हेल्मेट हँडलला का अडकवतो? 1988 सालचा कायदा हेल्मेट घाला म्हणतो. मागे बसणाऱ्यानेही घालावे. हनुवटीखालचा पट्टा बांधावा. पट्टा सुटा असला, तर पडताना हेल्मेट आधी उडते.

फेटा मानासाठी, हेल्मेट जिवासाठी. बाजारात पोचल्यावर फेटा खुशाल बांधा!

सांगा पाहू
1. वेल्लोरचे शिपाई का चिडले?
2. पोलादी टोप का निघाला?
3. तुमच्या घरी मोटारसायकली किती, आणि हेल्मेट किती?