दम लागतो? कारण शोधा



वस्तीत तपासणीला बसले की एक तक्रार हमखास येते : "ताई, बीपी नॉर्मल आहे, पण पाण्याचा हंडा उचलला की दम लागतो." घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. कुणी नजर लागली म्हणते.

दंडाला पट्टा बांधून कळतो तो शरीराचा रक्तदाब. हृदयाकडून फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या नळ्यांतला दाब त्यात कळत नाही. हा दाब वाढणे म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन. त्याने हृदयाची उजवी बाजू थकत जाते. मग दम, धडधड, चक्कर, पायांवर सूज.

कारणांवरून याचे पाच प्रकार आहेत :

१) नळ्याच जाड, अरुंद होणे. हृदयाला जन्मजात छिद्र, एचआयव्ही ही काही कारणे. कधी कारण सापडत नाही.

२) हृदयाच्या डाव्या बाजूचा आजार. हा सर्वांत जास्त आढळतो. लहानपणी घसा दुखून नंतर ताप आला, सांधे सुजले, तर पुढे हृदयाची झडप खराब होऊ शकते.

३) फुप्फुसाचा आजार. चुलीचा धूर, बिडी, दगडखाणीतली धूळ, टीबीने फुप्फुसाचे झालेले नुकसान.

४) फुप्फुसाच्या नळ्यांत अडकून राहिलेल्या रक्ताच्या गुठळ्या. काही रुग्णांत त्या शस्त्रक्रियेने काढता येतात.

५) इतर कारणे. यात सिकलसेल येतो. विदर्भात आपल्या समाजात तो बराच आढळतो, म्हणून सिकलसेलच्या रुग्णाचा दम अंगावर काढू नका.

प्रकार कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. पहिल्या प्रकारातली गोळी दुसऱ्या प्रकारात अपाय करू शकते. म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नका, स्वतःची परस्पर बंदही करू नका.

दम वाढत असेल तर सरकारी रुग्णालयात जा आणि टूडी इकोबद्दल विचारा. त्यात दाबाचा अंदाज येतो. खात्रीसाठी काहींना हृदयात बारीक नळी घालून तपासावे लागते. "डॉक्टर, माझा प्रकार कोणता?" हे विचारायला लाजू नका. शस्त्रक्रिया सांगितली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल आरोग्यमित्राला विचारा. हा आजार असताना गरोदरपण जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांशी बोला.

चक्कर येऊन शुद्ध हरपली, ओठ निळे पडले किंवा छातीत दुखले, तर लगेच १०८ ला फोन करा.

दुःखाला कारण असते, हे तथागतांनी शिकवले. दम लागण्यालाही असते. अंगारा-धुपारा नको, तपासणी करा.